पदूबायचे तीस दोर

जगातलं निम्मं मीठ आमच्या नांदखारानं पिकवलं, असं म्हणतात. कोण म्हणतं, असं विचाराल तर नांदखारचेच लोक म्हणतात. आणि निम्मं म्हणजे किती, तर बावीस राशी. त्यातली पाटलाची रास सगळ्यांत उंच दिसायची, पण तिच्या बुडाला दगड होते हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. तेव्हा जगाचं राहू द्या. मात्र या बावीस राशी एका बाईनं वादळाच्या तोंडातून काढल्या, त्यात खड्याचीही भेसळ नाही. असलीच तर चिमूटभर, चवीपुरती.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीवर पूल नव्हता, म्हणून पुलाच्या कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टवाळी करणारे म्हातारेही नव्हते. ते तेव्हा बांधावर बसून तेच करायचे. दिवाळी सरली की लोक भरतीचं पाणी कोंडीत घ्यायचे, म्हणजे चारी बाजूंनी माती लिंपलेल्या उथळ वाफ्यात. वरून ऊन, अंगावरून वारा. पाणी आटायचं, मीठ धरायचं. ते फावड्यानं ओढायचं आणि बांधावर रास करायची. वैशाख सरताना मचवे यायचे, मीठ घेऊन जायचे, भात टाकून जायचे. तो भात चार महिने पुरवून खायचा. नांदखाराला शेत म्हणून नव्हतंच. आमचं शेत आभाळात होतं. ऊन पिकलं तर गाव जेवलं.

आता असल्या गावानं आभाळाकडं किती डोळे लावून बसावं? पण नाही. गावाला त्याची गरजच नव्हती, कारण गावाला नियम होता. वैशाखी पुनवेला गावदेवीची पालखी मिठागरातून फिरायची, देवीनं उघडं मीठ डोळे भरून बघायचं आणि मगच राशींवर झाप घालायचे. झाप म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे. त्याआधी कोणी रास झाकली, तर त्यानं पावसाला पाट मांडला, असं म्हणायचे. पाट मांडला की पाहुणा येणारच! म्हणून आभाळ काळं होऊन डोक्यावर बसलं तरी आमचे पूर्वज हात बांधून उभे राहायचे, आणि मीठ विरघळलं की म्हणायचे, ‘बघा, कोणीतरी चोरून पाट मांडला असणार.’ हसू नका. तुमचेही आजे-पणजे त्या रांगेत होते. चेहऱ्यावरून कळतं.

पदूबाय लग्न होऊन आली ती डोंगराकडून. मीठ तिनं तोवर फक्त आमटीत बघितलं होतं. नवरा गोमा काथ्याचे दोर वळायचा. सारखे दोर वळून वळून त्याचं बोलणंही तसंच झालेलं, एक वाक्य सुरू केलं की संपेपर्यंत चूल विझायची. घरात सात वर्षांची नणंद होती, फुली. तिनं वहिनीला पहिल्याच दिवशी कोंडीच्या कडेनं चालायला शिकवलं, आणि वहिनी घसरून पडली तेव्हा टाळ्या वाजवल्या. त्या दोघींचं तिथून जे जमलं ते जमलं.

त्याच वर्षी पालखीला चार दिवस उरलेले असताना पाऊस आला. राशी उघड्या होत्या. पदूबाय झाप घेऊन धावली तर सासऱ्यानं हात धरला. एका दुपारात बावीस राशींचं पाणी झालं आणि खाडीतून आलेलं मीठ खाडीत परत गेलं. मचवे रिकामे फिरले. त्या पावसाळ्यात लोक डोंगरात कंद उकरून खात होते. कडू कंद सात पाण्यांत उकडावे लागतात, पण भुकेल्या पोराला सात पाण्यांचा धीर कुठला? फुली श्रावणात गेली.

पदूबाय रडली की नाही, ते कोणी सांगत नाही. सांगतात ते एवढंच, की दिवाळीनंतर कोंड्या भरल्या त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “मना एक दोर दे. चांगला लांब.”

“कशाला गो?”

“वारा बांधायला.”

गोमानं तिच्याकडं बघितलं, वाक्य सुरू केलं, मधेच सोडलं आणि दोर दिला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत शहाणपणाचं बोलणं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पदूबाय बांधावर उभी राहायची आणि दोराला एक गाठ मारायची. दुपारचा वारा समुद्रावरून आला तर साधी गाठ. डोंगरावरून आला तर दुहेरी. पाऊस पडला तर गाठीत चिंधी. सकाळी हाताला मीठ ओलं लागलं तर गाठीशेजारी एक शिंपला ओवायचा. एका सालाला एक दोर. पहिल्या दोराच्या पहिल्याच गाठीत तिनं फुलीच्या परकराची चिंधी बांधली. तो पाऊस दोर सुरू होण्याआधीचा होता, पण तोच तर मोजायचा होता.

गावाला अर्थातच नवा खेळ मिळाला. “काय गो पदू, आज वारा जाड होता की बारीक?” “पदूबाय, आमच्या म्हाताऱ्यालाही एक गाठ मार, फार वारा सोडतो!” लग्नात उखाणा घेताना बायका तिच्या दोराचं नाव घ्यायच्या. पदूबाय चिडायची नाही. गाठ मारायची, घरी जायची, दोर आढ्याला टांगायची. एक झाला, पाच झाले, पंधरा झाले. घरात उंच माणूस आला की दोर डोक्याला लागायचे, म्हणून उंच माणसं तिच्या घरी यायची बंद झाली, असं म्हणतात.

तिला अक्षर येत नव्हतं. पण तीस वर्षं झाली तेव्हा ती डोळे मिटून दोरांवरून हात फिरवायची आणि कोणत्या साली थंडी लांबली, कोणत्या साली मीठ भरड धरलं, कोणत्या साली नुसता चुरा झाला, हे बोटांनी वाचायची. नवऱ्याला सांगायची, “एका दिवसाचा वारा म्हणजे वाटसरू. कुठून आला, कुठं गेला, काय कळतंय? पण तीस वर्षांचा वारा घरातला माणूस झाला. तो रुसणार कधी, ते त्याच्या चालीवरून कळतं.”

“माझं कळतं का गो?” गोमा विचारायचा.

“तू चालतोस कुठं?”

एकतिसाव्या वर्षी, कोंड्यांमध्ये मीठ असं पडलं की दुपारी बघवेना. बावीस राशी पांढऱ्याशुभ्र उभ्या. पालखीला सहा दिवस होते. पदूबाय बांधावर गेली तर वारा डोंगरावरून. वैशाखात दुपारी वारा समुद्रावरूनच यायचा, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा, वेळच्या वेळी. तिनं दुहेरी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगरावरून. मीठ ओलं लागलं. तिसऱ्या दिवशी खाडीतले खेकडे बांध चढून वर आले आणि पाटलाच्या पडवीत जाऊन बसले, जणू त्यांचंच काही काम होतं. तिसरी दुहेरी गाठ मारून ती घरी आली, तर घरात वाऱ्याचं नाव नाही आणि आढ्याचे तीस दोर आपोआप झुलत होते, असं म्हणतात.

तिनं दोर चाचपले. तीस वर्षांत असं तीनदा झालं होतं. वैशाखात तीन दुहेरी गाठी ओळीनं, शेजारी शिंपले, आणि पाचव्या गाठीला चिंधी. तिन्ही वेळा पालखी होऊन गेलेली होती, मीठ झाकलेलं होतं, म्हणून गावाच्या लक्षातही नव्हतं. या वेळी पालखी पुढं होती आणि चिंधी आधी.

ती देवळापुढं गेली. तिथं कमळू पाटील बसला होता. हा पाटील तिच्या डोळ्यांदेखत शेंबडा होता, आता पोट आलं होतं एवढाच फरक. शेजारी आंबो भगत. आंबोच्या अंगात देवी यायची, पण यायच्या आधी तो टोपी काढून, घडी घालून, नीट बाजूला ठेवायचा.

“परवा दुपारी वादळ आहे,” पदूबाय म्हणाली. “आणि पुनव जवळ आली, भरती मोठी. उद्याच राशी झाका.”

पाटील हसला. “वारा तुझ्या कानात सांगून गेला काय, पदूबाय?”

“सांगत नाही रे. पण रोज त्याच वाटेनं जातो. तीस वर्षं वाटेवर बसलं तर कुत्रंही माणूस ओळखतं.”

“आणि देवीचं काय? पालखीआधी झाकायचं म्हणजे पावसाला पाट मांडायचा!”

आंबोनं टोपीला हात घातला. पदूबाय त्याच्याकडं वळली. “राहू दे भगता, घाम आलाय तुला. देवीला मी विचारलंय. ती म्हणाली, मना मीठ बघायचंय, पाणी नाही.”

आंबोचा हात टोपीवरच राहिला. पाटील मात्र पेटला. म्हणाला, जो रास झाकेल त्याचं घर वाळीत. पाणी बंद, विस्तव बंद, मयताला खांदा बंद.

घरी आल्यावर गोमानं उभ्या जन्मातलं सगळ्यांत लांब वाक्य पुरं केलं. “अगो, पाऊस आला नाही तर तू येडी ठरशील, आणि आला तर म्हणतील हिनंच बोलावला, म्हणजे दोन्हीकडून मार तुलाच.”

“खरं आहे,” पदूबाय म्हणाली. “येडी ठरले तरी मीठ वाचलेलं असेल. चेटकीण ठरले तरी वाचलेलं असेल. झाप काढ.”

चौथ्या दिवशी उजाडताच तिनं आपली रास झाकली. अख्खं गाव बांधावर जमलं. बोलायला तोंड उघडावं तर डोंगरावरचा वारा तोंडात जाई, आणि तो ओला होता, हे प्रत्येकाला कळत होतं. पण पाट कोणी मांडायचा? पाप कोणी घ्यायचं?

पदूबाय राशीवर चढली आणि ओरडली, “ऐका रे! पाऊस आला तर तो मीच बोलावला. माझ्या नावावर घाला. तुमच्या राशींना मी हात लावते, तुम्ही लावू नका. पुढं पोरांनी विचारलं तर सांगा, त्या पदीनं केलं.”

आता बघा आमच्या गावाची अक्कल. पाप दुसऱ्याच्या नावावर जातंय म्हटल्यावर सगळ्यांना एकदम धीर आला. झाकायचं नाही हे ठरलेलंच. पण घरातले झाप उचलून राशीजवळ नेऊन ठेवले तर? आंबो भगताला विचारलं. त्यानं टोपी न काढताच निर्णय दिला, की वाहणं वेगळं आणि झाकणं वेगळं. मग काय! बायका झाप वाहू लागल्या, पुरुष शिड्या ‘विसरून’ जाऊ लागले. एका म्हाताऱ्यानं तर झाप राशीवर असा काही वाळत घातला की झाकायला दोनच बोटं उरली. आणि गाठ मारायला तेवढी पदूबाय. एकटी बाई एकवीस राशींवरून खारीसारखी पळत होती.

एवढ्यात गोमा धावत आला. “दोर संपले!”

संपणारच. झाप बांधायचे दोर गोमा पालखीनंतर वळायला घ्यायचा. आतापर्यंत त्यालाही नियमच होता ना! झाप होते, वारा होता, बांधायला काही नव्हतं. न बांधलेला झाप वादळात पतंग होतो.

पदूबायनं हातातला झाप राशीवर दाबून धरला. मग म्हणाली, “आढ्यावरचे आण.”

“तीस वर्षं आहेत गो ती.”

“माहीत आहे. मीच बांधली.”

गोमानं दोर आणले. ते खांद्यावर, गळ्यात, कमरेला गुंडाळून तो आला तेव्हा माणूस दिसत नव्हता, नुसता दोरांचा भारा चालत होता. ते दोर एकाला एक जोडले असते तर गावाला तीन वेढे बसले असते, असं म्हणतात. पदूबायनं एकेक घेतला आणि कापला, जिथं जसा लागेल तसा. थंडी लांबलेलं साल एका राशीवर गेलं, भरड मिठाचं दुसऱ्या. ज्यानं ज्यानं तिची टवाळी केली होती, त्याच्या राशीला दोन दोन सालं गेली. रात्रभर आणि पाचव्या दिवशी दुपारपर्यंत हे चाललं. हातातून रक्त येत होतं, आणि मीठ हातालाच होतं. जखमेवर मीठ म्हणजे काय, ते त्या बाईला विचारावं.

एकवीस झाल्या. बाविसावी पाटलाची. तिच्यावर पाटील स्वतः बसला होता, काठी घेऊन. “माझ्या राशीला हात लावायचा नाही! देवीला एक तरी रास उघडी दिसू दे!”

“उतर रे कमळू.”

“नाही उतरत.”

तेवढ्यात वारा फिरला. खाडीच्या तोंडाशी समुद्र उभा राहिला, भिंतीसारखा, असं म्हणतात. पाऊस वरून पडेना, आडवा येऊ लागला. पदूबायच्या हाती एकच दोर उरला होता. सगळ्यांत जुना. त्याच्या पहिल्या गाठीत परकराची चिंधी होती, रंग उडालेली.

तिनं ती चिंधी अंगठ्यानं एकदा चोळली. मग गोमाला हाक मारली. दोघांनी पाटलाच्या राशीवर झाप टाकले. पाटील उतरत नव्हता, म्हणून पाटलावरही टाकले, आणि फुलीच्या दोरानं दोघांना, म्हणजे राशीला आणि पाटलाला, एकत्र आवळून बांधलं. आतून शिव्या ऐकू येत होत्या, तेवढ्यावरून पाटील जिवंत आहे हे कळत होतं.

मग वादळ आलं. बांध तीन ठिकाणी फुटला, माड मोडले, देवळाचा कळस खाडीपार जाऊन पडला. पाणी राशींच्या कमरेपर्यंत चढलं. पण झाप उडाले नाहीत. वारा पहिल्या राशीशी आला आणि त्याला दोरात आपलीच गाठ सापडली. तो थबकला. दुसऱ्या राशीशी गेला, तिथंही तोच बांधलेला. बाई तीस वर्षं रोज संध्याकाळी त्याला गाठ मारत आली होती. आपल्याच गाठी सोडवता सोडवता त्याचा दम गेला. शेवटच्या राशीशी पोचला तेव्हा एवढीशी झुळूक उरली होती. तिनं त्या चिंधीला हात लावला आणि ती निघून गेली, असं म्हणतात.

पाणी उतरलं. राशींचा खालचा हातभर थर खाडीनं नेला. तेवढा हक्क तिचा. बाकी सगळं होतं. पाटलाला सोडवला तर तो मुरवलेल्या माशासारखा बाहेर आला, भुवयांवरही मीठ. डोळे पुसून त्याचं पहिलं वाक्य काय? “पाऊस हिनंच बोलावला!”

पदूबाय दोर गोळा करत होती. तुकडे झालेले, भिजून आवळलेले. कुठली गाठ कुठल्या सालची, बोटांना कळेना. ती घरी जाऊन रिकाम्या आढ्याखाली बसली, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा उद्याचं काही सांगता येईना.

पुनव आली. पालखी निघाली, देवीनं मीठ बघितलं, झाप वर उचलून उचलून बघितलं. मग पालखी आगरातून देवळाकडं वळायची, ती पदूबायच्या दाराशी थांबली. वाळीत टाकलेलं दार ते. आंबो भगत पुढं आला, टोपी डोक्यावरच. त्याच्या हातात नवा दोर होता. म्हणाला, “ज्या साली माझी म्हैस विजेनं मेली, तेव्हा आठ दिवस डोंगरवारा होता. मार गाठ.” मागून एक बाई म्हणाली, “माझी थोरली झाली तेव्हा होळीला पाऊस.” मग घराघरातून माणूस येऊ लागलं आणि आपापलं ऊन, आपापला पाऊस सांगू लागलं. निम्मं खोटं होतं. आमचंच गाव ते! म्हणून पदूबाय दोन घरांचं जुळलं तरच गाठ मारायची. तरी दिवे लागेपर्यंत बारा सालं उभी राहिली. बघितलं सगळ्यांनीच होतं. मोजलं एकटीनं होतं.

त्या संध्याकाळी देवळापुढं पंगत बसली, आणि तिथं जे झालं ते गाव अजून दर साली करतं. नांदखारात आता पूल झाला, घरोघरी मोबाइल आला, त्यावर उद्याचा पाऊस आदल्या दिवशी दिसतो. तरी देवळाच्या आढ्याला दोर असतो आणि रोज संध्याकाळी ज्या घराची पाळी, ते घर गाठ मारतं. ज्याला मोबाइल बघूनच गाठ मारायची असते, त्याला म्हातारे बांधावर उभं करून तोंडावर वारा घ्यायला लावतात. दिवाळीनंतरची पहिली गाठ सात वर्षांच्या मुलीनं आपल्या परकराची चिंधी घालून मारायची. पालखीच्या तीन दिवस आधी पहिली रास झाकायची, आणि झाकताना पाटलाच्या घरचा एक पुरुष तिच्यावर बसलेला असायलाच हवा. त्याला बांधतात. जरा जास्तच आवळतात.

मग पालखीच्या संध्याकाळी पंगत. नव्या मिठाचं कालवण, गरम भात. पदूबायच्या पाटावर गावातली सगळ्यांत म्हातारी बाई बसते. समोर पाटलाच्या घरचा तो पुरुष. त्यानं भरलेला घास तोंडात ठेवूनच म्हणायचं असतं, “पदूआय, पाऊस तूच बोलावलास.”

सगळी पंगत हात थांबवून वाट बघते. म्हातारी वाटीतलं कालवण त्याच्या भातावर आणखी वाढते आणि म्हणते,

“बोलावला असेन. कालवण आळणी लागतंय का रे, पाटला?”